मोजायला दोघं

वॉर्डातल्या कुलपाच्या कपाटाचा नियम असा होता, की ते एकटीने उघडायचं नाही. ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर आणि येणारी सिस्टर, दोघींनी कपाटासमोर उभं राहायचं. जाणारीने एकेका इंजेक्शनला बोट लावायचं, येणारीने मोठ्याने आकडा म्हणायचा आणि शेवटी वहीत दोघींनी सही करायची. मैत्रीण असो की सख्खी बहीण, नियम तोच. आमची सिस्टर सोळा वर्षं हा नियम पाळत आली होती आणि त्यात कुणाचा अपमान होतो असं तिला कधी वाटलं नव्हतं. उलट तिला ते आवडायचं. दोघींनी मोजलं की घरी जाऊन गाढ झोप लागते, असं ती नव्या मुलींना सांगायची.

तिला सगळेच सिस्टर म्हणत. पेशंट म्हणत, दारावरचा वॉचमन म्हणे, घरी सासरेसुद्धा तेच म्हणत. सासरे निवृत्त लिफ्टमन. "मी जन्मभर लोकांना वर पोचवलं, आता माझी पाळी," हे वाक्य ते येईल त्या पाहुण्याला ऐकवत, आणि पाहुणा हसला नाही तर त्याला बहिरा समजून पुन्हा मोठ्याने ऐकवत. त्यांच्या मणक्यात आजार शिरला होता. बरा होणारा नव्हता, पण घाईतही नव्हता. त्यांच्या कळेवरच्या कडक, अफूच्या जातीच्या गोळ्या टीव्हीखालच्या खणात एका निळ्या डब्यात असत. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि दुपारी कळ फारच आली तर आणखी एक. त्या द्यायचं काम अर्थातच सिस्टरचं होतं.

एका मंगळवारी वॉर्डातल्या मोजणीत एक इंजेक्शन कमी भरलं. अकरा हवी होती, दहा निघाली. दुखणं मारायचं सगळ्यात जालीम औषध ते, म्हणजे नशेबाजाला सोन्याच्या मोलाचं. ऑफिस खडबडून जागं झालं. ज्या ऑफिसला वॉर्डातला गळका नळ दुरुस्त करायला दीड वर्षात सवड झाली नव्हती, त्याने दोन तासांत वॉर्डातल्या आठही जणींच्या लघवीच्या बाटल्या गोळा केल्या. प्रत्येकीला एक फॉर्म दिला. त्यात एक ओळ होती: सध्या कोणती औषधे चालू आहेत? सिस्टरने लिहिलं, काही नाही.

इथे तिचं चुकलं. वॉर्डात बारा तास उभं राहणाऱ्या बायकांना बाथरूमला जायलाही फुरसत नसते. म्हणून त्या पाणीच कमी पितात, आणि मग वर्षातून दोन-तीनदा प्रत्येकीला लघवीची जळजळ सुरू होते. त्यासाठी कुणी रजा घेत नाही की डॉक्टरला दाखवत नाही. वॉर्डाच्या पँट्रीत चहाच्या सामानामागे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. घरी गेलेल्या पेशंटांच्या उरलेल्या गोळ्या त्यात जमा व्हायच्या. जळजळ झाली की डबा उघडायचा, जंतूंवरची पाकिटं शोधायची, पाच दिवस गोळ्या घ्यायच्या आणि कामाला लागायचं. हे नियमात मुळीच बसत नव्हतं आणि ते आठही जणींना ठाऊक होतं. त्या मंगळवारी सिस्टरचा चौथा दिवस चालू होता. पेशंट भरती होताना "आणखी काही गोळ्या चालू आहेत का, नीट आठवून सांगा" असं प्रत्येकाला तीन-तीनदा विचारणारी ही बाई. पण डब्यातली गोळी हे औषध असतं, असं तिच्या डोक्यातच आलं नाही. पाणी प्यायलं तर ते कुणी लिहितं का, तसंच ते.

गुरुवारी मेट्रनने केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. आठ जणींपैकी एकटीच्याच तपासणीत अफूच्या जातीचं औषध निघालं होतं, असं सांगितलं. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही, आणि चौकशीत ठरलं तर नर्सिंगची नोंदणीच रद्द होईल, म्हणजे इथेच नव्हे, कुठेच नोकरी नाही. हे सांगून मेट्रनने टेबलावरचा टिश्यूचा डबा थोडा पुढे सरकवला.

"बरं," सिस्टर म्हणाली.

मेट्रन थांबली. अशा वेळी माणूस रडतं, भांडतं, निदान देवाची शपथ तरी घेतं. सिस्टरने खिशाला लावलेली पिन काढून कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मोजून घेता ना?"

"ते आम्ही बघू. आता तू नको."

म्हणजे सोळा वर्षांत पहिल्यांदा ती न मोजता, न सही करता वॉर्डाबाहेर पडली. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ आपला असूनही आपला वाटत नाही, तसं तिचं झालं होतं. फरक इतकाच, की तिचं ते ओठापुरतं नव्हतं. बसस्टॉपवर तिने दोन बस जाऊ दिल्या आणि तिसरीत बसली, आणि दोन का जाऊ दिल्या हे तिला सांगता आलं नसतं.

तिच्या नवऱ्याबद्दल आधी चांगलं सांगून घेतो, कारण ते खरं आहे. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. हात इतका नेटका, की केसाइतका फरक त्याला बोटाला कळे. बायकोचं ऐकून तो एक शब्दही वाकडा बोलला नाही. "माझा तुझ्यावर शंभर टक्के विश्वास आहे," म्हणाला. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून अधीक्षकांच्या दाराशी तीन तास बसला. अर्ज लिहिले, युनियनच्या माणसाला भेटला, शेजारणीने खोचून विचारलं तेव्हा तिला जिन्यातच सुनावलं. असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. आणि त्याच संध्याकाळी तो म्हणाला, "बाबांच्या गोळ्या आता मी देत जाईन. तू जरा आराम कर."

"बरं," सिस्टर म्हणाली.

चौथ्या दिवशी हरवलेलं इंजेक्शन सापडलं. म्हणजे ते हरवलंच नव्हतं. ऑपरेशन थिएटरने घाईत उसनं नेलं होतं आणि नोंद आपल्याच वहीत करून ठेवली होती. चोरी झालीच नव्हती, हे कागदोपत्री सिद्ध झालं. चोर तेवढी शिल्लक राहिली. नवऱ्याने ऑफिसात हे बोलून दाखवलं, तर तो विषय वेगळा, हा विषय वेगळा, असं त्याला शांतपणे समजावण्यात आलं.

सिस्टर घरी बसली. घरी बसली म्हणजे खरोखरच बसली. सकाळी उठून चादरीचे कोपरे हॉस्पिटलसारखे काटकोनात खोचायची आणि मग त्याच पलंगाच्या कडेला बसून राहायची. वॉर्डातून कुणाचा फोन नाही. तिच्यासोबत नऊ वर्षं ड्यूटी केलेली, सतत पळत असते म्हणून जिला सगळे भिंगरी म्हणत, तिचाही नाही. सिस्टरला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. तिने तपासून पाहिलं, वाटत नव्हतं. भूक लागत नव्हती, पण जेवत होती. झोप येत होती. नवरा रोज विचारी, अमक्याला भेटू या का, तमक्याला पत्र लिहू या का. ती म्हणे, होईल ते होईल. सासऱ्यांची नाडी मात्र दिवसातून चारदा बघायची. सासरे हात पुढे करत आणि म्हणत, "चालू आहे का अजून? मला वाटलं बंद पडली."

अकराव्या दिवशी दुपारी सासऱ्यांना कळ आली. नेहमीची नव्हे, मोठी. आधी त्यांचे विनोद थांबले, मग बोलणं थांबलं, मग त्यांनी उशीचं टोक दातात धरलं. सिस्टरने टीव्हीखालचा खण उघडला. डबा नव्हता. खालचा खण पाहिला, स्वयंपाकघरातलं फडताळ पाहिलं, फ्रिजच्या वर पाहिलं, नवऱ्याचं कपाट पाहिलं, पुन्हा पहिला खण पाहिला. मग फोन लावला.

"बाबांना कळ आलीय. गोळ्या कुठे आहेत?"

दुकानातल्या मशीनची घरघर ऐकू येत होती. ती बंद झाली.

"माझ्या बॅगेत राहिल्या," नवरा म्हणाला.

"रोज राहतात?"

तो म्हणाला, "निघतोच मी."

दुकानापासून घर दीड तासाच्या वाटेवर होतं. त्या दीड तासात सिस्टरने गरम पाण्याची पिशवी भरली, दोनदा पाणी बदललं, सासऱ्यांना कुशीवर वळवलं, पाठीशी उशा लावल्या, गुडघ्यांमध्ये एक लावली. यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. सासऱ्यांनी तिचं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट, की पुढे चार दिवस बोटांचे ठसे राहिले. तेव्हा तिला ते दुखलंसुद्धा नाही.

जरा उसंत मिळाली तेव्हा सासरे म्हणाले, "विसरला असेल गं."

"हो बाबा."

"लहानपणापासून विसरभोळा आहे."

"हो."

तो विसरभोळा नव्हता. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पडला तर तो कुठल्या पुडीतला हे दोन वर्षांनी सांगणारा माणूस तो. हे सासऱ्यांना माहीत होतं, सिस्टरला माहीत होतं, आणि दुसऱ्याला माहीत आहे हेही दोघांना माहीत होतं. दोघंही घड्याळाकडे बघत राहिले.

नवरा घामाघूम होऊन आला. बापाला गोळी दिली, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. नंतर स्वयंपाकघरात येऊन सिस्टरच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, की तुझ्यावर संशय म्हणून नव्हे, उद्या कुणी चौकशीला आलं तर घरात अशा गोळ्या सापडायला नकोत, म्हणून. कारण चांगलं होतं, कदाचित खरंही असेल. सिस्टर भांडं घासत होती. ती रागावली नाही. राग येण्याइतकंही तिच्यात काही जागं नव्हतं. पण होईल ते होईल, हे मात्र त्या संध्याकाळनंतर ती पुन्हा म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत तळघरात गेली. तिथे लॅब होती. सोळा वर्षं तिने या लॅबला रोज बाटल्या पाठवल्या होत्या, आणि लॅबवाल्याचा आवाज फक्त फोनवर ऐकला होता. प्रत्यक्षात तो अगदी बारका निघाला. कानावर पेन, समोर डबा उघडलेला. तो तिला ओळखत नव्हता. तिने आपला नंबर सांगितला आणि तपासणी कशी केली ते विचारलं.

त्याने घास गिळून सांगितलं, की ही झटपट पट्टीवरची तपासणी. पट्टी रंग दाखवते, इतकंच. पक्कं करायला तोच नमुना मोठ्या मशीनवर लावावा लागतो, आणि त्यासाठी अर्धी बाटली तीस दिवस फ्रीझरमध्ये राखून ठेवलेली असते.

"मग लावली का नाहीत?"

"ज्याचा नमुना त्याने लेखी मागणी करायची असते. तुमची आलीच नाही."

तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मेट्रनने नाही, अधीक्षकांनी नाही, तीन तास दाराशी बसवलेल्या तिच्या नवऱ्यालाही नाही. फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ते छापलेलं होतं, असं लॅबवाल्याने दाखवलं. मुंगीने चष्मा लावला असता तरच तिला वाचता आलं असतं.

मग त्याने पेन काढून विचारलं, "त्या वेळी काही गोळ्या चालू होत्या?"

"काही नाही," सिस्टर सवयीने म्हणाली. आणि थांबली. पेशंट अस्सेच थांबतात, हे तिच्या लक्षात आलं. काही नाही, काही नाही म्हणतात आणि मग म्हणतात, तशी एक घेतो म्हणा.

"होत्या," ती म्हणाली, आणि जळजळीवरच्या गोळ्यांचं नाव सांगितलं.

लॅबवाल्याने डब्याचं झाकण लावलं. "सिस्टर, या गोळीने ही पट्टी फसते. दर वेळी नाही, पण फसते. फॉर्मवर लिहिलं असतंत तर मी तेव्हाच मशीनवर लावायला सांगितलं असतं." मग तो जरा वरमून म्हणाला, "आता अर्जात लिहा. चिठ्ठी जोडा डॉक्टरची."

चिठ्ठी नव्हती. चिठ्ठीच्या जागी बिस्किटांचा डबा होता. डबा लिहिला तर डबा जाणार, आणि आठही जणींना मेमो येणार. न लिहावा तर या गोळ्या तिने आता, अडचणीत आल्यावर, शोधून काढल्या असं कुणीही म्हणणार. तिने तिथेच, लॅबच्या काउंटरवर उभं राहून डबा लिहिला. पँट्री, वरचं फळकूट, चहाच्या सामानामागे. लिहिताना तिचा हात हलला नाही. याचीही तिने नोंद घेतली.

दोन दिवसांनी भिंगरीचा फोन आला, पंधरवड्यातला पहिलाच. कशी आहेस वगैरे काही नाही.

"डबा कशाला मध्ये आणलास?"

"त्यातलीच गोळी घेतली होती म्हणून."

"आमच्या सगळ्यांच्या फाइलला मेमो लागला. तुझ्यासाठी आम्ही इथे कुणाकुणाशी भांडलो असू, माहीत आहे?"

सिस्टरला माहीत नव्हतं, कारण कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "बरं." भिंगरीने फोन ठेवला.

निकाल यायला नऊ दिवस लागले. मेट्रनने पुन्हा केबिनमध्ये बोलावलं, या वेळी दार उघडंच ठेवलं. पत्र तीन ओळींचं होतं. मोठ्या मशीनवरील तपासणीत आक्षेपार्ह काहीही आढळले नाही, सबब उद्यापासून कामावर रुजू व्हावे. खाली दिलगिरीचा एक शब्द नव्हता, त्याऐवजी डब्याबद्दल ताकीद होती. मेट्रनने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि झालं गेलं विसरून जा म्हणाली. टिश्यूचा डबा आज टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होता.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली. पेशंट सगळे नवे होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं, ते बरं झालं. मुली गोड बोलल्या, जरा जास्तच गोड. ड्यूटी सुरू करताना कपाटासमोर भिंगरी उभी राहिली. तिने बोट लावलं, सिस्टरने आकडे म्हटले. एक ते बारा. बाराव्यानंतर भिंगरी खालमानेने म्हणाली, "पाणी पीत जा गं. आता डबा नाहीये." आणि सही करून पळाली. भिंगरीकडून माफी म्हणून एवढंच मिळणार होतं, आणि सिस्टरने ते घेतलं.

संध्याकाळी घरी पोचली तर नवरा लवकर आलेला. पत्र त्याने आदल्या दिवशीच प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं होतं. आज ते बापाला पुन्हा वाचून दाखवत होता, सबब आणि रुजूसकट. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं. "मी म्हणत होतो की नाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून म्हणत होतो."

"म्हणत होतास," सिस्टर म्हणाली.

गोळीची वेळ झाली होती. "आता तूच दे बाई," म्हणून तो हसला. तिने टीव्हीखालचा खण उघडला. निळा डबा तिथेच होता, आपल्या जागी, नाव पुढे करून, जसा काही कधी हललाच नव्हता.

तिने डबा उचलून टेबलावर आणला. सासऱ्यांच्या औषधांची वही होती, तिच्या कोऱ्या पानावर पट्टीने चार रेघा मारल्या. तारीख, संख्या, सही, सही. मग समोरची खुर्ची ओढली.

"बस."

"काय झालं?"

"मोजायचंय. मी बोट लावते, तू आकडा म्हण."

"अगं, आता कशाला? सगळं सिद्ध झालं ना."

"मोजायला दोघं लागतात," सिस्टर म्हणाली. तिने डबा उघडला, आतली पाकिटं टेबलावर मांडली आणि पहिल्या गोळीवर बोट ठेवलं.

"सव्वीस आहेत," नवरा म्हणाला.

पाकिटं अजून नीट मांडूनही झाली नव्हती. तिचं बोट पहिल्याच गोळीवर होतं. आपण काय बोललो हे त्याला कळलं, तेव्हा तो मटकन खुर्चीत बसला. तेवीस दिवस सकाळी, संध्याकाळी, बॅगेची चेन लावण्याआधी त्याने जे केलं होतं, ते आता टेबलावर मांडलेलं होतं.

आणि तेव्हा सिस्टरला दुखलं. औषधाचा अंमल उतरताना ओठ आधी दुखत जागा होतो, तसं सगळीकडून. मेट्रनचं दार, चुकवलेल्या दोन बस, रिकामा खण, मनगटावरची बोटं, सगळं एकदमच दुखलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ते तिने पुसलं नाही, कारण बोट गोळीवरून काढायचं नव्हतं.

"मोजून म्हण," ती म्हणाली.

"एक," नवरा म्हणाला. तिने बोट पुढे सरकवलं. "दोन. तीन." चौदाव्याला त्याचा आवाज फुटला. ती चौदाव्या गोळीवर बोट ठेवून थांबली. तो पाणी प्यायला आणि चौदा म्हणाला. पुढे त्याने न थांबता मोजलं.

सव्वीस भरल्या. तिने सही केली आणि पेन त्याच्याकडे दिलं. केसाचा फरक ओळखणाऱ्या त्या बोटांना सही नीट करता आली नाही.

"किती निघाल्या?" पलंगावरून सासऱ्यांनी विचारलं. ते इतका वेळ भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"सव्वीस, बाबा. बरोबर आहेत."

"मग त्यातली एक द्या इकडे," सासरे म्हणाले. "आणि लिहा पंचवीस."